नारिंगाचे भाऊबंद

स्पॅनिशच्या पहिल्या तासाला मी टेबलावर एक संत्रं ठेवते. समोर बसलेल्यांना विचारते, याला काय म्हणता? संत्रं, संतरा, ऑरेंज अशी उत्तरं येतात. मग फळ्यावर मी स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिते: नारांखा. ऑरेंज आणि नारांखा यांचा चेहरामोहरा जुळतो हे सगळ्यांना दिसतं, पण सुरुवातीचा 'न' कुठून आला ते कोणाला सांगता येत नाही. वर्ग थोडा वेळ गप्प राहतो. मग कोणीतरी, बहुतेक वेळा घरात आजी असलेला एखादा विद्यार्थी, हळूच म्हणतो, "मॅडम, नारिंग?"

त्या एका शब्दाने आमचा अभ्यासक्रम सुरू होतो. संस्कृतातलं नारंग फारसीत नारंग म्हणूनच गेलं, अरबीत नारंज झालं आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचून नारांखा झालं. इटली आणि फ्रान्सच्या वाटेने तोच शब्द पुढे निघाला, तेव्हा त्याच्या आधी येणाऱ्या उपपदाच्या 'न'ने शब्दाचा 'न' गिळून टाकला. इंग्रजांच्या हाती ऑरेंज आलं ते असं डोकं उडालेलं. म्हणजे आपण साडीच्या दुकानात 'नारिंगी रंगात दाखवा' म्हणतो, तेव्हा इंग्रजीपेक्षा स्पॅनिशच्या जास्त जवळ असतो. संत्रा हा शब्द मात्र मी या साखळीत ओवत नाही. तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला असं अनेकदा सांगतात, पण 'संगतरा' बाबराच्या आत्मचरित्रातच भेटतो, आणि बाबर १५३० साली वारला. इतक्या लवकर पोर्तुगीज शब्द आग्र्यापर्यंत जाऊन रुळला असेल, हे मला पटत नाही.

हे पुस्तक स्पॅनिश शब्दसंग्रहाचं आहे. ओळखीच्या शब्दांचा हात धरून अनोळखी शब्दांकडे जायचं, ही त्याची रीत. रीत जुनी आहे. इंग्रजीशी मिळतेजुळते स्पॅनिश शब्द गोळा करून शिकवणारी पुस्तकं इंग्रजीत भरपूर आहेत आणि मी स्वतः त्यांच्यावरच शिकले. तरी मराठी वाचकासाठी वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं, कारण ती पुस्तकं ज्याच्यासाठी लिहिली आहेत त्याच्या घराला इंग्रजीचा एकच दरवाजा आहे. आपल्या घराला तो आहेच, शिवाय मागीलदारी आणखी दोन-तीन वाटा आहेत. आजवर आपल्याला त्या कोणी दाखवल्या नाहीत, म्हणून आपण त्या वापरत नाही. त्या दाखवाव्यात, एवढंच मला करायचं आहे.

पण सुरुवात इंग्रजीपासूनच करू, कारण तो दरवाजा सर्वांत रुंद आहे. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढे दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच वापरात राहिली. त्यानंतरच्या विद्वानांनी लॅटिनमधून हवे तितके शब्द उचलले. आज इंग्रजी शब्दकोशातले अर्ध्याहून अधिक शब्द लॅटिन आणि फ्रेंचच्या घरचे आहेत. स्पॅनिश तर लॅटिनची थेट लेक. त्यामुळे दोघींचे दागिने जुळतात. इंग्रजीत 'शन'ने संपणारा शब्द घ्या आणि त्याच्या शेवटी 'सिओन' लावून पाहा: नेशन, नासिओन. एज्युकेशन, एदुकासिओन. ऑपरेशन, ओपेरासिओन. सिच्युएशन, सितुआसिओन. हे सगळे शब्द स्त्रीलिंगी, सगळ्यांचा आघात शेवटच्या अक्षरावर. एक शेपूट शिकलं की शेकडो शब्द, त्यांचं लिंग आणि त्यांचा उच्चार असं सगळं एकदम हाती येतं. 'टी'ने संपणाऱ्यांना 'दाद' किंवा 'ताद' लागतं: युनिव्हर्सिटीचं उनिबेर्सिदाद, सिटीचं सिउदाद, लिबर्टीचं लिबेर्ताद. 'ली'ऐवजी 'मेन्ते' म्हटलं की नॉर्मलीचं नोर्मालमेन्ते होतं. पुस्तकाच्या पहिल्या भागात अशी शेपटं तक्त्यांत मांडली आहेत, म्हणून इथे त्यांवर जास्त बोलत नाही. सगळेच शब्द साच्यात बसत नाहीत, हेही तक्त्यांखाली सांगितलं आहे. ट्रान्सलेशनला स्पॅनिशमध्ये त्रादुक्सिओन म्हणतात. साचा अंदाज बांधण्यापुरता, खात्री शब्दकोशाची.

या तक्त्यांनी मात्र एक अडचण उभी राहते. शेपटाने मिळणारे शब्द भारदस्त असतात. महिनाभरात विद्यार्थ्याला राज्यघटनेवर बोलता येतं, पण दूध मागता येत नाही. दूध, दात, रात्र, हात, झोपणं, विकणं हे शब्द इंग्रजीशी जुळत नाहीत, असं त्याला वाटतं आणि इथेच बरेच जण पद्धत सोडून पाठांतराकडे वळतात. माझंही तसंच झालं होतं. या गाठीची उकल मला इंग्रजी पुस्तकात सापडली नाही, ती शाळेतल्या मराठी व्याकरणात सापडली.

तत्सम आणि तद्भव आठवा. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द तत्सम. लोकांच्या तोंडात शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेला तो तद्भव. दुग्ध आणि दूध, हस्त आणि हात, अष्ट आणि आठ, सप्त आणि सात. सरकारी पाटीवर 'दुग्धविकास' लिहिलेलं असतं आणि गवळी दारात 'दूध' म्हणून हाक मारतो. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, हे मराठी मुलाला कोणी समजावावं लागत नाही. आता लॅटिनचंही तसंच समजा. इंग्रजीने लॅटिन शब्द पोथीतून उचलले, म्हणून ते तत्सम राहिले. स्पॅनिशने ते आईच्या तोंडून घेतले, म्हणून ते तद्भव झाले. दुधासाठीचा लॅटिन शब्द इंग्रजीत लॅक्टोज म्हणून विज्ञानाच्या पुस्तकात बसला आहे. स्पॅनिशमध्ये तो झिजून लेचे झाला आणि चहाच्या टपरीवर आला. दुग्धाचं दूध होताना आपल्याकडे जोडाक्षर मोडलं, लॅक्टचं लेचे होताना तिकडेही मोडलं. एवढं दिसलं की पुढचे आपोआप दिसू लागतात. ऑक्टोपसमधला ऑक्टो म्हणजे ओचो, आठ. नॉक्टर्नलमधलं नॉक्ट म्हणजे नोचे, रात्र. डायरेक्टमधलं रेक्ट म्हणजे देरेचोमधलं रेचो, सरळ. अष्ट-आठ हे ज्याच्या कानात आहे त्याला ऑक्टो-ओचो परकं वाटायचं कारण नाही.

म्हणून या पुस्तकाचा दुसरा भाग अकरावी-बारावीच्या विज्ञानातल्या अवघड इंग्रजी शब्दांपासून सुरू होतो. डेंटलपासून दिएन्ते म्हणजे दात, मॅन्युअलपासून मानो म्हणजे हात, लूनरपासून लुना म्हणजे चंद्र, अ‍ॅक्वेरियमपासून आग्वा म्हणजे पाणी, डॉर्मिटरीपासून दोर्मिर म्हणजे झोपणं, व्हेंडरपासून बेंदेर म्हणजे विकणं. जे शब्द इंग्रज मुलाला मोठं झाल्यावर कळतात, ते स्पॅनिश मूल दुसऱ्या वर्षी बोलतं. आपल्या मुलांनी हे अवघड शब्द प्रवेशपरीक्षांसाठी घोकलेलेच असतात. ती मेहनत इथे दुसऱ्यांदा कामी येते.

उच्चारांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इंग्रजीच्या हाताने चालताना इंग्रजीची सवय जिभेला लागते. मी कित्येक वर्षं नासिओन म्हणताना मनात नेशन ऐकत होते आणि त्यामुळे माझा 'त' 'ट'कडे झुकत होता. एका शिक्षिकेने मला थांबवलं आणि विचारलं, तुझ्या भाषेत हा आवाज नाही का? होता. त, द, स्वच्छ अ-ए-इ-ओ-उ, जिभेवर नाचणारा र, एस्पाञामधला ञ, हे सगळं मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे. जे इंग्रजाला शिकावं लागतं ते आपल्याला फक्त आठवावं लागतं. या पुस्तकात स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत ते यासाठीच. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. 'ख' लिहिलं आहे तिथे घशातून घासून येणारा आवाज समजावा, आणि 'ब' लिहिलं आहे तिथे बऱ्याचदा ओठ पुरते न मिटता.

आणखी एक गोष्ट. स्टेशनला इस्टेशन आणि स्कूलला इस्कूल म्हणणाऱ्यांना आपण शहरात लाजवत आलो आहोत. स्पॅनिश माणसालाही शब्दाच्या सुरुवातीला 'स्त', 'स्क' नुसतं म्हणवत नाही. तो एस्तासिओन म्हणतो, एस्कुएला म्हणतो, आणि तेच त्याच्या भाषेत शुद्ध आहे. माझ्या नागपूरच्या वर्गात काटोलकडून येणारा एक मुलगा हे ऐकून पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला लागला. त्याच मुलाने मला दुसरी एक गोष्ट दाखवली. आपण वैदर्भीय लोक 'जेवतो आहे' म्हणत नाही, 'जेवून राहिलो' म्हणतो. स्पॅनिशमध्येही चालू क्रियेसाठी एस्तोय कोमिएन्दो म्हणतात, म्हणजे एक 'असणं' दाखवणारं क्रियापद आणि त्याच्या जोडीला क्रियेचं गोठलेलं रूप. रचना तंतोतंत एक नाही, पण कानाला आधार मिळतो.

आता मागीलदारच्या वाटा.

पहिली वाट समुद्राकडून येते. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला आणि तो १९६१ पर्यंत ठेवला. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती, चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत. एवढ्या काळात पोर्तुगीज वस्तू आणि त्यांची नावं कोकणातून घाटावर चढली आणि घाटावरून वऱ्हाड-नागपूरपर्यंत आली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या मराठी-कोकणीइतक्या जवळच्या बहिणी. म्हणून आपल्या घरात ठेवलेली पोर्तुगीज चीज स्पॅनिशच्या दाराला बऱ्याचदा लागू पडते. या शब्दांचा सर्वांत मोठा शोध घेतला तो गोव्याच्या आसगावात जन्मलेल्या मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा कोश १९१३ साली कोइंब्रात छापला गेला, आणि अँथनी झेवियर सोअरिस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ साली बडोद्याहून निघाला. मराठी शब्दांची मुळं शोधणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी चाळावा.

दालगादोंच्या वाटेने आपल्याच घरात फिरून पाहा. दाराची बिजागरी: स्पॅनिशमध्ये बिसाग्रा. आपण विदर्भात कपाट म्हणत नाही, आलमारी म्हणतो: स्पॅनिशमध्ये आर्मारिओ. बाथरूममधली बालदी: बाल्दे. घरी काम करायला आलेला मिस्त्री: माएस्त्रो. स्पॅनिशमध्ये माएस्त्रो म्हणजे शिक्षकही आणि कारागीरही, आणि मला हा शब्द फार आवडतो. त्याच्या डोक्यावरचं घमेलं: गामेया, म्हणजे लाकडी परात किंवा द्रोणी. चावीसाठी स्पॅनिश शब्द याबे आहे. पहिल्यांदा नातं दिसत नाही, पण पोर्तुगीज चावेशेजारी ठेवला की दिसतं: जिथे पोर्तुगीजने 'च' केला तिथे स्पॅनिशने 'य' केला. पाव म्हणजे स्पॅनिश पान. पगार मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा. स्पॅनिशमध्ये पागार हे क्रियापद आहे, पैसे देणं. आपण क्रियापदाचं नाम केलं आणि देणाऱ्याची क्रिया घेणाऱ्याची वस्तू झाली. इंग्रजीतला पे हाही त्याच लॅटिन मुळाचा. एका शब्दावर तिन्ही भाषा येऊन मिळतात.

बंबाची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. पूर्वी घरोघरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब असे. आग लागली की आगीचा बंब येतो. हा पोर्तुगीज बोंबा, म्हणजे पाणी फेकणारा पंप. स्पॅनिशमध्येही बोंबा म्हणजे पंप, आणि आग विझवणारा जवान म्हणजे बोंबेरो. इंग्रजीच्या बाजूने आलेल्या विद्यार्थ्याला बोंबेरो ऐकून बॉम्ब टाकणारा आठवतो. स्पॅनिशमध्ये बोंबा म्हणजे बॉम्बही आहे, त्यामुळे तो अगदीच चुकत नाही, पण बोंबेरोचा अर्थ त्याला उलटा लागतो. मराठीच्या बाजूने आलेल्याला आगीचा बंब आठवतो, आणि त्याचा अर्थ सरळ लागतो. तुरुंगही असाच. पोर्तुगीज त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, मग ती जागाच. स्पॅनिशमध्ये त्रोंको म्हणजे अजून झाडाचं खोड, आणि इंग्रजीतला ट्रंक त्याचाच भाऊ. मराठी तुरुंगाच्या भिंतीत असं झाडाचं खोड लपलेलं आहे.

काही शब्द पोर्तुगालचेही नाहीत. बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. स्पेनमधलं पाताता त्या ताइनो बाताताची आणि दक्षिण अमेरिकेतल्या पापाची सरमिसळ आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याला इथे एक पाऊल जास्त टाकावं लागतं, कारण आपल्याकडे बटाटा नाही, आलू आहे. आपला आलूबोंडा पुण्यात बटाटेवडा होतो. तंबाखू आणि ताबाको मात्र सगळीकडे एक. कुठे कुठे ही वाट बंदही होते. कळमन्याच्या बाजारात सकाळी संत्र्यांचा लिलाव चालतो. लिलाव हा शब्द पोर्तुगीज लेलांवपासून आला, पण स्पॅनिशमध्ये लिलावाला सुबास्ता म्हणतात आणि काहीच जुळत नाही. असे शब्द मी सरळ पाठ करायला सांगते.

दुसरी वाट अरबीची, आणि ती स्पॅनिशवाल्यांनाही आश्चर्यात टाकते. ७११ साली अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरलं, आणि ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य १४९२ साली पडलं. जवळजवळ आठशे वर्षांच्या सहवासात स्पॅनिशमध्ये हजारो अरबी शब्द मिसळले. आपल्याकडे तेच शब्द फारसीवर स्वार होऊन आले. म्हणून बहमनी दरबारातल्या मराठीत आणि कोर्दोबाच्या बाजारातल्या स्पॅनिशमध्ये अचानक गाठभेट होते. आदुआना म्हणजे जकात कचेरी. अद-दिवान, आपला दिवाण. आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष, अल-काझी. आल्मासेन म्हणजे कोठार, मोठं दुकान. मूळ तेच ज्यातून आपला खजिना आला. तारीफा म्हणजे दरपत्रक. मूळ अरबीत अर्थ माहिती करून देणं, आपल्याकडे तोच शब्द तारीफ होऊन कौतुकापर्यंत आला. शब्दाच्या सुरुवातीचा 'आल' काढून टाकायला शिकलात की आत ओळखीचा माणूस सापडतो. वऱ्हाडातल्या पांढऱ्या सोन्याला स्पॅनिशमध्ये आल्गोदोन म्हणतात. पुढचा 'आल' काढा, उरलेलं गोदोन इंग्रजी कॉटनच्या शेजारी ठेवा.

आणि फलाणा. मला स्वतःला या एका शब्दाने स्पॅनिश आपलं वाटायला लागलं. "फलाण्याने सांगितलं" असं आपण म्हणतो. स्पॅनिशमध्ये नाव न घेता कोणाविषयी बोलायचं तर फुलानो म्हणतात. अरबी फुलान एका वाटेने इकडे आला, एका वाटेने तिकडे गेला. माद्रिदमधली बाई आणि नागपूरच्या इतवारीतली बाई एकाच शब्दाने शेजारणीचं नाव झाकतात.

साखर आणि बुद्धिबळ यांचा प्रवास मात्र आपल्याकडून तिकडे झाला. शर्करेचं अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये आसुकार झालं. चतुरंगाचं फारसीत चत्रंग, अरबीत शतरंज आणि स्पॅनिशमध्ये आखेद्रेस झालं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात वर्गातल्या मुली स्पॅनिश भाषेतल्या बातम्या शोधून शोधून वाचत होत्या, आणि आखेद्रेस हा शब्द त्यांना मला शिकवावा लागला नाही.

तिसरी वाट सर्वांत जुनी आणि इथे थोडक्यात सांगण्यासारखी. संस्कृत आणि लॅटिन या दूरच्या बहिणी. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात ते नातं जाहीर मांडलं, पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ते आपल्या किनाऱ्यावर दोघांच्या लक्षात आलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. १५८३ साली त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलं. याच स्टीफन्सनी पुढे मराठीत क्रिस्तपुराण रचलं, १६१६ साली ते छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आणि फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने त्याच दशकात संस्कृत आणि इटालियन शब्द शेजारी ठेवून पाहिले: देव, सर्प, सात, आठ, नऊ. स्पॅनिशमध्ये ते दिओस, सेर्पिएन्ते, सिएते, ओचो, नुएबे. क्रिस्तपुराणाच्या कर्त्याने जे नातं टिपलं त्याचा उपयोग मराठी विद्यार्थ्याला चारशे वर्षांनी होतो आहे, याचं मला समाधान वाटतं.

आता धोक्यांबद्दल, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा असेल असं नाही. एक्सितो म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता नव्हे, यश. लिब्रेरिया म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. लार्गो म्हणजे मोठा नव्हे, लांब. आक्तुआलमेन्ते म्हणजे खरं तर नव्हे, सध्या. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला मेक्सिकोच्या ग्राहकाकडून निरोप आला, त्यात आसिस्तिर हा शब्द होता. बैठकीला हजर राहाल का, असं तो विचारत होता. हिने इंग्रजी असिस्ट धरलं आणि कोणती मदत हवी ते कळवा, असं नम्रपणे उत्तर दिलं. बैठकीची वेळ झाली, तिची खुर्ची रिकामी. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली होती. तिची चूक नव्हती, माझी होती; मी त्या महिन्यात फक्त जुळणारे शब्द शिकवले होते, फसवणारे शिकवले नव्हते. त्यानंतर मी दोन्ही एकाच तासाला शिकवते आणि या पुस्तकातही ते समोरासमोर ठेवले आहेत.

नागपूरकराला ही सावधगिरी खरं तर शिकवायला नको. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, रिक्षात दोन्ही. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीतली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, मराठीत यातायात म्हणजे दगदग. "मुझे आपत्ति है" म्हणणाऱ्यावर संकट कोसळलेलं नसतं, त्याची फक्त हरकत असते. "सीट खाली है" ऐकून आपण कधी सीटच्या खाली पाहिलं नाही. पाच वर्षांचं पोर सीताबर्डीच्या गर्दीत हे सगळं न चुकता सांभाळतं. दोन सख्ख्या भाषांमध्ये वावरताना कुठे पाय टाकायचा आणि कुठे थबकायचं याचं ज्ञान आपल्या अंगात आहे, फक्त आपण त्याला ज्ञान म्हणत नाही. इंग्रजी-स्पॅनिशमध्ये तेच वापरायचं.

कधी कधी नातं नसतानाही सारखेपणा असतो. खुगार म्हणजे खेळणं. आपला जुगार त्याच्या शेजारी बसवावासा वाटतो, पण जुगार द्यूतातून आला आणि खुगार थट्टेसाठी असलेल्या एका लॅटिन शब्दातून. लक्षात ठेवायला अशी जोडी जरूर वापरा. नातं आहे असं मात्र कोणाला सांगू नका.

आणि शब्द खरंच सख्खा असला तरी वस्तू वेगळी असू शकते. पहिल्या तासाचं ते संत्रं मी शेवटच्या तासाला पुन्हा टेबलावर ठेवते. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्रात मँडरीनच्या जातीचं आहे: सैल साल, हाताने सहज सुटणाऱ्या फोडी. वालेन्सियाच्या बाजारात ते दाखवलं तर तिथला माणूस त्याला नारांखा म्हणणार नाही, मान्दारिना म्हणेल. त्याची नारांखा घट्ट सालीची, सुरीने कापायची, आपल्या मोसंबीसारखी. आणि मोसंबीचं नाव आलं आहे मोझांबिकवरून, म्हणजे पुन्हा पोर्तुगीज जहाजांच्याच वाटेने. पहिल्या दिवशी मी सांगितलेला अर्थ मीच असा दुरुस्त करते. एक वर्षी मागच्या बाकावरच्या एका निवृत्त बाईंनी, ज्या माद्रिदला राहणाऱ्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकत होत्या, हे ऐकून वही उघडली आणि आधी लिहिलेलं 'नारांखा = संत्रं' खोडलं नाही. त्याच्यापुढे 'घट्ट सालीचं' असं लिहिलं आणि खालच्या ओळीवर 'मान्दारिना = आपलं'.

पुस्तकाची मांडणी त्यांच्या त्या वहीवरून घेतली आहे. प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: स्पॅनिश शब्द, त्याचा इंग्रजी नातेवाईक, त्याचा मराठी नातेवाईक असल्यास तो, आणि अर्थात कुठे फरक पडतो ते. तिसरा रकाना अनेक ठिकाणी रिकामा आहे. तो मुद्दाम कोरा ठेवला आहे, पेन्सिलने भरायला. तुमच्या घरी, तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या तोंडी असा एखादा शब्द असेल जो दालगादोंच्या कोशातही नसेल. तो सापडला तर आधी त्याचं मूळ तपासा, आणि मग मला जरूर कळवा.

नागपूर